विल्सन, जॉन

विल्सन, जॉन : (11 डिसेंबर 1804 – 1 डिसेंबर 1875). स्कॉटिश धर्मोपदेशक, शिक्षणप्रसारक व प्राच्यविद्येचे अभ्यासक. जन्म स्कॉटलंडमधील लॉडर येथे. एडिंबरो विद्यापीठात शिक्षण झाल्यावर फेब्रुवारी 1829 मध्ये पत्नी मार्गारेट यांच्यासह ते मुंबईस आले. पहिले काही महिने बाणकोट-हर्णै भागात राहून त्यांनी मराठी आत्मसात केली. त्यानंतर मधली काही वर्षे मायदेशी घालवली, ती सोडता अखेरपर्यंत मुंबई हेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले.

हिंदू पंडित मोरभट दांडेकर यांच्याशी झालेला त्यांचा धर्मविषयक वाद त्या काळी बराच गाजला. दांडेकरांचे ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ 1831 मध्ये प्रसिद्ध झाले व विल्सन यांनी त्याला ग्रंथरूपानेच उत्तर दिले. 1839 मध्ये धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांच्या बाप्तिस्म्यावरून प्रकरण न्यायालयात गेले. निकाल विल्सन यांच्या स्कॉटिश मिशनच्या बाजूने लागला. पण पालकांनी मुले काढून घेतल्याने मिशनच्या शाळेला मात्र मोठी झळ बसली.

विल्सन कॉलेजचा आरंभ 1832 मध्ये गिरगावातील आंब्रोळी येथे निघालेल्या इंग्रजी शाळेपासून मानण्याचा प्रघात आहे. शाळेची परंपरा म्हणून तो योग्य असला, तरी मुंबई विद्यापीठाशी संलग्नता 1861 मधील, चौपाटीवरील वास्तू 1889 मधील व विल्सन यांचे नावही त्यांच्या पश्चात दिलेले आहे. मार्गारेट यांनी 1829 पासून चालवलेल्या मुलींच्या शाळांकडे चरित्रकारांचे त्या मानाने दुर्लक्ष झाले. त्या 1835 मध्ये मुंबईतच वारल्या.

गिरनार (गुजरात) येथील सम्राट अशोकाच्या शिलालेखांसंबंधीचे विल्सन यांचे श्रेय वादग्रस्त आहे. मार्च 1835 मध्ये त्यांनी जुनागढहून गिरनारकडे जाणाऱ्या वाटेवरील शिळेची पाहणी केली. ब्रिटिश अधिकारी व इतिहासकार कर्नल टॉड तेथे त्यापूर्वी, 1822 मध्ये, येऊन गेले होते. त्यामुळे लेखांचा शोध विल्सन यांनी लावला असे म्हणता येत नाही. मात्र त्यांच्या सूचनेवरून कॅप्टन लँग यांनी कापडावर घेतलेले ठसे कलकत्त्यास प्राचीन लिपींचे अभ्यासक जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पोहोचले, तेव्हा ओडिशातील धौली येथील अशोकाच्या लेखाचा मजकूर व हा मजकूर बहुतांशी एकच असल्याचे प्रिन्सेप यांच्या ध्यानात आले. दुसऱ्या लेखातील ‘अंतियक’ या नावावरून ग्रीक राजा अँटिओकस यांचा उल्लेख 1838 मध्ये उलगडला व अशोकाच्या कालनिश्चितीला बाहेरचा आधार मिळाला. काही लेखनांत लिपीच्या उलगड्याचेही श्रेय विल्सन यांना देण्याकडे कल दिसतो. परंतु या लेखांच्या ब्राह्मी लिपीची गुरुकिल्ली प्रिन्सेप यांना 1837 मध्ये सांचीच्या दानलेखांतील ‘दानं’ या शब्दावरून सापडली होती. विल्सन यांचा वाटा विश्वसनीय ठसे उपलब्ध करून देण्याचा, आणि तो लहान नव्हे.

‘द पारसी रिलिजन’ (1843) हा त्यांचा ग्रंथ वादप्रेरित असला तरी त्यातील माहिती पुढील अभ्यासकांना उपयोगी पडली. त्याच वर्षी स्कॉटिश चर्चमध्ये फूट पडली व ते त्यातून वेगळ्या झालेल्या फ्री चर्चमध्ये गेले. 1845 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. 1848 मध्ये नेमलेल्या लेणी आयोगाचे ते अध्यक्ष होते. आफ्रिकेचे संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी आफ्रिकेतून आणलेली चुमा व विकाटानी ही मुले काही काळ त्यांच्या शाळेत होती.

पुढे 1868 मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद व 1870 मध्ये फ्री चर्चच्या महासभेचे अध्यक्षपद त्यांना लाभले. मुंबई येथे त्यांचे निधन झाले. जातिसंस्थेवरील ‘इंडियन कास्ट’ हा ग्रंथ त्यानंतर 1877 मध्ये प्रकाशित झाला.