धावल्याने 'अंग बाहेर येतं'?

पहाट. वणी-पांढरकवड्याकडच्या रस्त्याला लागून पोलीस भरतीच्या ८०० मीटरची तयारी करणाऱ्या पोरी. डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली काकू थांबते: "पोट्टी एवढी धावली त आंग बाहेर येईन ना वं!"

येत नाही. 'अंग' म्हणजे गर्भाशय. ते अस्थिबंध (आतल्या मजबूत पट्ट्या) आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंनी धरलेलं असतं, ते धावून निसटत नाही. ते सैल पडतं ते मुख्यतः बाळंतपणांनी. वय, जुना खोकला, बद्धकोष्ठता आणि वर्षानुवर्षं उचललेलं ओझं त्यात भर घालतात. म्हणजे काळजी करायचीच तर काकूच्या मोळीची.

ही भीती काही आपल्याकडचीच नाही. १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये जर्मनीच्या लीना राडकेने ८०० मीटर २ मिनिटं १६.८ सेकंदांत जिंकली, विश्वविक्रमासह. नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. तरी पेपरांनी 'बायका कोसळल्या' असं रंगवलं आणि ही शर्यत थेट १९६०पर्यंत बंद! महिला मॅरेथॉन तर १९८४ला आली. अमेरिकेच्या जोन बेनॉइटने ती २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत मारली. पुढे तिला दोन मुलं झाली. ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ जानेवारी २००७मध्ये बाळंत झाली, नोव्हेंबरात न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली.

खरी अडचण वेगळीच. उपाशीपोटी, नुसत्या चहावर रोज धावलं की पाळी चुकू शकते, हाडं कमजोर होतात. पाळी तीन महिने आली नाही तर डॉक्टरांकडे जा. धावण्याआधी शेंगदाणे-गूळ तरी खा.