पार्श्वभूमी: रिबन पडली, तरी सुवर्ण

टोकियो ऑलिम्पिकमधली रिदमिक जिम्नॅस्टिक्सची (हूप म्हणजे कडं, बॉल, मुगदलासारखे दोन क्लब आणि रिबन, ही चार साधनं घेऊन संगीतावर करायचा खेळ) वैयक्तिक फायनल ७ ऑगस्ट २०२१ ला झाली. त्याच दिवशी थोड्या वेळाने भालाफेकीत भारताला सुवर्ण मिळालं. मग नांदेड काय आणि संभाजीनगर काय, पुढचे आठ दिवस भाल्याखेरीज बोलायला दुसरा विषय नव्हता. रिदमिकचा वाद आपल्याकडे उशिरा पोचला, मोबाईलवरच्या तुकड्यातुकड्यांतून, आणि पोचला तोच एक प्रश्न घेऊन. इस्रायलच्या मुलीच्या हातून रिबन निसटली, रशियाच्या मुलीची निसटली नाही, मग सुवर्ण निसटलेलीला कसं? बॅडमिंटन हॉलबाहेर चपलांच्या ढिगाशेजारी मुलींची वाट बघत बसणाऱ्या आयांमध्ये तो प्रश्न अजूनही निघतो. उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं: राजकारण.

उत्तर आकड्यांत आहे. चार साधनांची बेरीज इस्रायलची १०७.८००, रशियाची १०७.६५०. फरक ०.१५०. ज्यांना २०१६ चं रिओ आठवतं, त्यांनी हा आकडा आधी पाहिलेला आहे. व्हॉल्टमध्ये (धावत येऊन टेबलावरून मारायची उडी) भारताच्या मुलीचं कांस्य नेमकं एवढ्यानेच हुकलं होतं, १५.२१६ विरुद्ध १५.०६६. (ते आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स, हे रिदमिक. मराठीत एकाला ‘कलात्मक’ आणि दुसऱ्याला कधी ‘तालबद्ध’, कधी ‘लयबद्ध’ म्हणतात. त्यात २०२२ पासून रिदमिकमध्येच कलात्मकतेचे गुण वेगळे मोजायला लागले. त्यामुळे बातमीत ‘कलात्मक’ दिसलं की खेळ कोणता, हे वाचणाऱ्यानेच ओळखायचं.)

आता साधनानुसार बघू. हूपमध्ये इस्रायल २७.५५०, रशिया २७.२००. बॉलमध्ये दोघींना २८.३००. क्लबमध्ये २८.६५० आणि २८.१५०. म्हणजे रिबन हातात घेण्याआधीच इस्रायलकडे ०.८५० ची आघाडी होती. रिबनमध्ये २३.३०० विरुद्ध २४.०००, म्हणजे रशियाने ०.७०० भरून काढले. उरले ०.१५०. रिबन निसटली त्याची किंमत तिने मोजली, फक्त ती आघाडीपेक्षा कमी भरली. पदक क्लबवर जिंकलं गेलं होतं. वाद घालायचाच होता, तर हूप आणि क्लबच्या गुणांवर घालायला हवा होता. पण मोबाईलवर फिरली ती रिबन जमिनीवर पडलेली दिसते तेवढीच क्लिप.

रशियाकडून आक्षेप घेतला गेला तोही स्वतःच्या मुलीच्या रिबनच्या गुणांवर, आणि तो फेटाळला गेला. नियमच तसा आहे. आक्षेप आपल्या खेळाडूच्या अवघडपणाच्या गुणांवर (हालचाली किती कठीण, त्याचे गुण) घेता येतो. ‘समोरचीला जास्त दिले’ असा अर्ज करायची सोय नाही. मला हा नियम अपुरा वाटतो, पण निकाल चुकीचा वाटत नाही.

रिदमिकमध्ये साधन निसटण्याची कपात ठरलेली असते. जागेवरच उचललं तर ०.५०, एक-दोन पावलं टाकावी लागली तर ०.७०, त्याहून लांब गेलं तर पूर्ण १.००. ही कपात सफाईच्या गुणांतून (हालचाली किती बिनचूक केल्या, त्याचे गुण) होते. पण ती कोणत्या बेरजेतून वजा होते, हे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पार बदललंय. १९८८ ला सोलमध्ये सोव्हिएत मुलीने ६० पैकी ६० घेतले. दुसरी ५९.९५०, तिसरी ५९.८७५. लातूरकरांना हे चटकन कळेल. क्रीडा-कलेचे वाढीव गुण धरून दहावीला शंभर टक्के मिळवणाऱ्यांची आपल्या विभागात गेली काही वर्षं जी रांग लागते, तिथे कोण पुढे नि कोण मागे हे मार्कशीट सांगू शकत नाही. वर जायला जागाच नसली की सगळा निकाल चुकीवर ठरतो. तेव्हा साधन पडलं असतं तर खेळ तिथेच खलास.

२०१८ पासून अवघडपणाच्या गुणांवरची मर्यादा काढली. सफाई १० वरच थांबते, अवघडपण मात्र ज्याला जितकं झेपेल तितकं. ०.७० कापले तरी एका साधनाची एकूण बेरीज दहा असताना कापणं वेगळं नि अठ्ठावीस असताना कापणं वेगळं.

पदकांच्या यादीत हा बदल सरळ दिसतो. २००० ला सिडनीत सगळ्यांनी जिच्यावर पैज लावली होती तिचा हूप घरंगळत मैदानाबाहेर गेला. ती कांस्यावर आली. २०१६ ला रिओमध्ये तीन वेळच्या जगज्जेतीच्या हातून शेवटच्या झेलाला क्लब निसटला. प्रत्येक साधनाला तेव्हा जास्तीत जास्त २० गुण होते. तिचे झाले ७५.६०८, पहिलीचे ७६.४८३, म्हणजे रौप्य. आणि २०२१ ला टोकियोत निसटूनही सुवर्ण. पहिल्या दोन्ही वेळी निसटलेली नि जिंकलेली दोघीही रशियाच्याच, तिसऱ्या वेळी समोर रशिया होती, त्यामुळे गोंगाट मोठा झाला. २००० ते २०१६ या पाच ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक आणि सांघिक मिळून दहाच्या दहा सुवर्णं त्याच देशाची. टोकियोत एकही नाही. वैयक्तिक फायनलच्या दुसऱ्याच दिवशी सांघिक सुवर्ण बल्गेरियाने नेलं.

त्याआधीचा इतिहास थोडक्यातच आटोपतो. पहिली जागतिक स्पर्धा १९६३ ला बुडापेस्टमध्ये झाली, तेव्हा याला ‘मॉडर्न जिम्नॅस्टिक्स’ म्हणत. सांघिक प्रकार १९६७ ला कोपनहेगनमध्ये आला. पुढची दोन दशकं, १९७५ चा अपवाद सोडला तर, सुवर्णांची वाटणी बहुतेक सोव्हिएत आणि बल्गेरिया यांच्यातच. एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. २००१ च्या माद्रिद जागतिक स्पर्धेत रशियाच्या दोन आघाडीच्या मुली बंदी असलेल्या औषधात सापडल्या आणि त्यांची पदकं काढून घेतली गेली. जुनं कात्रण जपून ठेवलं असेल तर त्यातली विजेती आणि आजच्या यादीतली विजेती वेगळी निघेल. वैयक्तिक सुवर्ण आता युक्रेनच्या नावावर आहे.

ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला १९८४ ला, लॉस एंजेलिसमध्ये, आणि बहिष्कारामुळे सोव्हिएत नि बल्गेरिया दोघेही गैरहजर. सुवर्ण कॅनडाला, रौप्य रोमानियाला, कांस्य पश्चिम जर्मनीला. चाळीस वर्षांनी पॅरिसमध्ये पुन्हा पंगतीतली मोठी पानं रिकामी राहिली. या वेळी कारण युक्रेन युद्धानंतरच्या बंदीचं, रशिया नि बेलारूस नाहीत. वैयक्तिक सुवर्ण जर्मनी, रौप्य बल्गेरिया, कांस्य इटली. सांघिक सुवर्ण चीनला. युरोपबाहेर सांघिक सुवर्ण जाण्याची ती पहिली वेळ. ‘रशिया नव्हती म्हणून’ असं म्हणणारे आहेतच. पण जर्मनीच्या त्या मुलीने आदल्या वर्षी व्हॅलेन्सियात जागतिक स्पर्धेची पाचही वैयक्तिक सुवर्णं एकटीने उचलली होती. तिथेही रशिया नव्हती, हे खरं. आणि मुलगी सायबेरियातल्या बर्नाऊलची, बारा वर्षांची असताना जर्मनीला गेलेली, हेही तितकंच खरं.

साधनंसुद्धा कायम राहिलेली नाहीत. ऑलिम्पिकचं वैयक्तिक सुवर्ण दोनदा जिंकणारी आजवर एकच. पण २००८ ला बीजिंगमध्ये तिच्या चार साधनांत दोरी होती, २०१२ ला लंडनमध्ये दोरीच्या जागी बॉल. वरिष्ठ वैयक्तिक गटातून दोरी २०११ पासून गेली. आपल्याकडे रिबन नि क्लब विकत घ्यायची वेळ बरीच उशिरा येते. परभणी-हिंगोलीकडच्या शाळेच्या पटांगणावर सुरुवात अजूनही दोरीवरच होते.