घरपट्टीतून पोलिसांचे पगार होतात का?

‘पोलिसांचे पगार आपल्या घरपट्टीतून होतात, महापालिकेने बागांवरचा खर्च कापला की शहरात पोलीस वाढतील,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. काही देशांत पोलीस खरोखरच शहराच्या प्रशासनाचे असतात, त्यामुळे हे पटणं साहजिक आहे. महाराष्ट्रात मात्र तसं नाही.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘पोलीस’ हा विषय राज्यसूचीत, म्हणजे राज्य सरकारच्या अखत्यारीतल्या विषयांच्या यादीत आहे. म्हणून पोलीस भरती आणि पगार यांचा पैसा राज्याच्या अर्थसंकल्पात, गृह विभागाच्या खर्चाच्या मागण्यांमध्ये दिसतो. बागेचा निधी कापून एकही शिपाई वाढत नाही.

महापालिकेच्या हाती वेगळी सुरक्षा आहे, आणि तीही जिवाशी निगडित. अग्निशमन सेवा व रस्त्यावरचे दिवे बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नागरी संस्थांकडे सोपवता येणाऱ्या विषयांत येतात. घरपट्टीचं बिल काढून करांची नावं वाचा. त्यात पोलीस कर सापडणार नाही. मग महापालिकेचा अर्थसंकल्प उघडा आणि अग्निशमन दलासाठीची गेल्या वर्षीची तरतूद व प्रत्यक्ष खर्च शेजारी ठेवून पाहा. मला हीच तुलना सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तरतूद झाली म्हणजे बंब आला असं नसतं. फरक मोठा दिसला तर नगरसेवकाला विचारा. पोलीस गस्त वाढवून हवी असेल तर पोलीस ठाण्यात अर्ज द्या, आमदारांना लिहा.