पार्श्वभूमी : पृथ्वीचा अंतर्गाभा खरेच उलटा फिरतो आहे का?

जानेवारी २०२३ मध्ये ‘पृथ्वीचा गाभा फिरायचा थांबला’ अशा बातम्या जगभर झळकल्या, आपल्याकडेही. समाजमाध्यमांवर प्रलयाचे मुहूर्त निघाले. प्रत्यक्षात थांबले काहीच नव्हते. शोधनिबंधात दावा होता तो अंतर्गाभ्याच्या, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातल्या घन गोळ्याच्या, प्रावरणाच्या (गाभ्याभोवतीच्या खडकांच्या जाड थराच्या) तुलनेतल्या वेगाचा, आणि त्यावरचा वाद तेव्हा २७ वर्षांचा झाला होता.

भूकंपाच्या लहरींवरून पृथ्वीचे पोट तपासण्याच्या उद्योगात भारताचा वाटा अगदी सुरुवातीपासून आहे. १२ जून १८९७ रोजी शिलाँगच्या पठाराला हादरवणाऱ्या भूकंपाच्या नोंदी युरोपातील उपकरणांवर उमटल्या. भारतात नोकरी केलेल्या एका ब्रिटिश भूवैज्ञानिकाने त्यांतून प्राथमिक, दुय्यम आणि पृष्ठलहरी वेगळ्या काढल्या आणि १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचे लहरींच्याच आधारे मांडले. १९१४ मध्ये गाभ्याची सीमा सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर असल्याचे ठरले. गाभा द्रव आहे हे १९२६ मध्ये पटवून दिले गेले. १९३६ मध्ये एका डॅनिश संशोधिकेने त्या द्रवाच्या आत आणखी एक गोळा, म्हणजेच अंतर्गाभा, असल्याचे सुचवले. न्यूझीलंडमधील १९२९ च्या भूकंपाच्या लहरी जिथे पोहोचायलाच नको होत्या तिथे, म्हणजे छायेच्या पट्ट्यात, पोहोचल्या होत्या. अंतर्गाभा घन आहे याचा सबळ पुरावा मात्र १९७१ पर्यंत मिळाला नाही.

मधल्या काळात घडलेली मोठी गोष्ट विज्ञानासाठी घडलीच नव्हती. अणुचाचण्या पकडायच्या म्हणून १९६० च्या दशकात अमेरिकेने जगभरात शंभराहून अधिक ठिकाणी एकाच जातीची भूकंपमापके बसवली. भारतात दिल्ली, शिलाँग, कोडाईकनालबरोबर पुण्यातही ती बसली. सर्वत्र तीच यंत्रे, कागदाचा तोच वेग, तशीच घड्याळे. हेतू अणुचाचण्यांवर पाळतीचा असला तरी छायाचित्रण कागदावरच्या नोंदी उरल्या, आणि तीस वर्षांनी अंतर्गाभ्याचा वाद पेटला तेव्हा त्याच उपयोगी पडल्या.

१९९६ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधकांनी दक्षिण अटलांटिकमधील साउथ सॅण्डविच बेटांजवळचे भूकंप घेतले आणि त्यांच्या अलास्कातील कॉलेज या केंद्रावरच्या १९६७ ते १९९५ या काळातील नोंदी तपासल्या. युक्ती साधी पण हुशारीची होती. एकाच भूकंपाच्या दोन लहरी जवळपास एकाच वाटेने प्रावरणातून जातात. पुढे एक अंतर्गाभ्यातून पार होते, दुसरी त्याला बगल देऊन त्याभोवतीच्या द्रव बाह्यगाभ्याच्या तळाजवळून निघते. दोन्ही एकाच कागदावर उमटत असल्याने केंद्रातले घड्याळ पुढे-मागे असले तरी दोघींमधला फरक बिघडत नाही. प्रावरणातल्या ओबडधोबडपणाचा परिणामही बराचसा रद्द होतो. हा फरक तीन दशकांत साधारण ०.३ सेकंदाने बदलल्याचे दिसले. त्या जुन्या कागदाचा वेग मिनिटाला ६० मिलिमीटर होता. म्हणजे सगळा युक्तिवाद मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी अंतरावर उभा होता. त्यावरून निष्कर्ष निघाला की अंतर्गाभा प्रावरणापेक्षा वर्षाला सुमारे एक अंशाने पुढे धावतो.

आक्षेप आले आणि ते रास्त होते. दुर्गम बेटांजवळच्या भूकंपाचे स्थान नेमके ठरवणे साठच्या दशकात अवघडच होते. स्थान काही किलोमीटरने चुकले की लहरींच्या वेळांमधला फरक आपोआप बदलतो. शिवाय फिरण्याचा वेग काढायला अंतर्गाभ्यात लहरींचा वेग जागोजागी कसा बदलतो हे आधी माहीत असावे लागते, आणि तेच तर नीट माहीत नव्हते. महाभूकंपांनंतर अख्खी पृथ्वी घंटेसारखी घुमते. त्या कंपनांवरून दुसऱ्या गटाने काढलेला वेग शून्याच्या आसपास आला.

या आक्षेपांना खरे उत्तर मिळाले २००५ मध्ये. एकाच जागी, वर्षांच्या अंतराने, हुबेहूब सारखा भूकंप होतो तेव्हा त्या जोडीची नोंद रेषेवर रेष ठेवून पडताळता येते. स्थानाच्या चुकीची शंकाच उरत नाही. डिसेंबर १९९३ आणि सप्टेंबर २००३ या जोडीत बाकी सगळ्या लहरी तंतोतंत जुळल्या, अंतर्गाभ्यातून आलेली तेवढी दशांश सेकंदाच्या हिशेबात सरकलेली निघाली. नवा वेग वर्षाला ०.३ ते ०.५ अंश. पहिल्या दाव्याच्या निम्म्याहून कमी, पण शून्य नव्हे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे, आणि मथळे मिळाले ते १९९६ ला आणि २०२३ ला.

तरीही एक गट बधला नाही. त्यांचे म्हणणे असे की अंतर्गाभा फिरत नाही, त्याचा पृष्ठभागच बदलतो आहे: कुठे लोह गोठते, कुठे विरघळते.

२०२३ च्या निबंधात बीजिंगमधील दोन संशोधकांनी जुन्या नोंदींची भर घालून मांडले की २००९ च्या सुमारास हा जादा वेग संपला आणि अंतर्गाभा प्रावरणाच्या मागे पडू लागला. असेच वळण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाही आले असावे, म्हणजे चक्र सुमारे ७० वर्षांचे. ‘उलटा’ हा शब्द इथेच घोटाळा करतो. दादरच्या दिशेने दोन लोकल शेजारी धावत असताना दुसरी जरा मंदावली तर आपल्याला ती मागे जाताना दिसते. ती जात असते दादरलाच. अंतर्गाभा पृथ्वीबरोबर पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरतो, कालही, आजही. त्याच्या आणि प्रावरणाच्या गतीतला फरक वर्षाला अंशाच्या काही हिश्श्यांचा आहे. एवढे वाक्य बातम्यांच्या पहिल्या परिच्छेदात आले असते तर निम्मी घबराट टळली असती.

त्याआधी, २०२२ मध्ये, आणखी एका गटाने अलास्कातील अॅमचिट्का बेटावरच्या १९६९ आणि १९७१ च्या अणुस्फोटांच्या नोंदी वापरून चक्र सहाच वर्षांचे असल्याचे सांगितले होते. सहा आणि सत्तर, दोन्ही एकाच वेळी खरे असणे कठीण.

जून २०२४ मध्ये १९९१ ते २०२३ या काळातील साउथ सॅण्डविचच्या १२१ पुनरावृत्त भूकंपांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उत्तर कॅनडा आणि अलास्कातील उपकरणसंचांवर आलेल्या लहरी जुळवताना एक वेगळेच लक्षात आले: काही जोड्यांमध्ये अंतर्गाभ्यातून आलेली लहर आधी बदललेली आणि नंतरच्या भूकंपात पुन्हा जशीच्या तशी. अंतर्गाभा पुन्हा आधीच्या स्थितीत आल्याशिवाय हे शक्य नाही. २००३ ते २००८ दरम्यान तो पुढे गेला आणि त्यानंतर दोन ते तीन पट संथ गतीने त्याच वाटेने मागे आला. वीस वर्षांत एकच वळण दिसल्याने सहा वर्षांचे गणित मागे पडले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच नोंदींतून दुसरी गोष्ट निघाली. ज्या जोड्यांमध्ये अंतर्गाभा पूर्वीच्या जागी परतलेला होता, त्यांच्यातही कॅनडातील संचावरच्या काही लहरी जुळल्या नाहीत. त्या अंतर्गाभ्याच्या सीमेला लागून जाणाऱ्या होत्या. म्हणजे फिरणे आणि पृष्ठभाग बदलणे, दोन्ही चालू असावे. वीस वर्षे एकमेकांना खोडणारे दोन्ही गट अंशतः बरोबर निघाले. बदल घडवते कोण, बाह्यगाभ्यातल्या द्रवाची ओढ की प्रावरणातल्या जड ढिगांचे गुरुत्व, यावर एकमत नाही. सत्तर वर्षांचा हिशेब खरा असेल तर पुढचे वळण २०४० च्या दशकाच्या मध्यावर येईल. ते तपासायला साउथ सॅण्डविचलाच पुन्हा त्याच जागी, तसेच भूकंप व्हावे लागतील.