जोर लावाल तेवढं घट्ट

गोदेला पूर आला की नाशिककर पाणी मीटरमध्ये मोजत नाहीत, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावर मोजतात. मागे एकदा ते त्याच्या कमरेच्या वर गेलं आणि माझ्या भाच्याची जुनी मोटारसायकल घाटाजवळच्या बोळात रात्रभर बुडून राहिली. महिन्याभराने इंजिन खोललं, तर तेल निघालं ते दुधाच्या चहासारखं. क्लच प्लेटा निघाल्या, मधला नट निघाला, क्लच बास्केट मात्र जागची हलेना. द्वारका चौकाजवळच्या गॅरेजात मिस्त्री आणि त्याचा पोऱ्या दोन टायर लिव्हर घालून बसले होते, दोन्ही एकाच बाजूने. दुसरीकडे क्रँकचा गिअर आडवा येतो, तिथे हात जात नाही.

"सर, जाम धरलंय. मोठा लिव्हर आणतो."

शेजारचा चहावाला म्हणाला, आज अमावास्या, इंजिनला हात कशाला लावता? घर्षण पंचांग बघत नाही, एवढं त्याला सांगून मी गप्प बसलो. माझा खरा वाद त्या मोठ्या लिव्हरशी होता.

बास्केट म्हणजे प्लेटा ठेवायची ॲल्युमिनियमची परडी. तिच्या पाठीला पोलादी गिअर रिव्हेट केलेला असतो आणि मध्यभागी बुश, म्हणजे शाफ्ट ज्यातून जातो ती धातूची नळी. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर ती मोकळी फिरते, कारण क्लच दाबला की इंजिन फिरत राहून शाफ्ट थांबायला हवा. बुश आणि शाफ्टमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी. तेवढ्यात पाणी शिरलं की गंज चढतो, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा खातो. म्हणजे अडकायला कारण होतंच. पण इतकं?

घरातल्या टेबलाचा रुंद खण आठवा. एका कोपऱ्याला धरून ओढला की तो तिरपा होऊन बसतो. मग आपण चिडून अजून ओढतो आणि तो अजून रुततो. बास्केटचं तेच होतं. कडेला जोर दिला की ती किंचित कलते. बुशचं बाहेरचं तोंड शाफ्टला एका बाजूने टेकतं, आतलं तोंड समोरच्या बाजूने. आता शाळेतलं आघूर्ण काढा, म्हणजे जोर गुणिले अंतर. ओढ F, मध्यापासून तिचं अंतर e, बुशची लांबी L. कलणं थोपवायला दोन्ही टोकांना N एवढा दाब लागतो, म्हणजे N × L = F × e. घर्षणांक μ धरला तर प्रत्येक टोकाला घर्षण μN, दोन्ही मिळून 2μFe/L. हे घर्षण F एवढं किंवा त्याहून जास्त झालं की वस्तू हलणार नाही. आता दोन्हीकडचा F काढून टाका. उरतं ते एवढंच: e हे L/(2μ) पेक्षा मोठं असेल तर अडकलं.

समीकरणात F उरलाच नाही, हे बघा. माणसाने ओढा नाहीतर हत्तीने, उत्तर बदलत नाही. बुश २५ मिमी लांब आणि घर्षणांक ०.२५ धरला, तर मर्यादा येते ५० मिमी. परडीची कड मध्यापासून साधारण ६० मिमीवर. गंजलेल्या पृष्ठभागाचा घर्षणांक याहून जास्त, म्हणजे मर्यादा आणखी कमी. सुताराचा सरकत्या जबड्याचा शिकंजा याच हिशेबावर चालतो. तिथे अडकणं हेच त्याचं काम.

मोठ्या लिव्हरने काय झालं असतं? परडीच्या कडेची बोटांसारखी टोकं तुटली असती किंवा केसिंगला चीर गेली असती.

खणाला आपण काय करतो? आधी थोडा आत ढकलतो, सरळ करतो, मग मधून ओढतो. मिस्त्रीला पटायला वेळ लागला, पण त्याने लाकडी ठोकळा ठेवून परडी आत ठोकली. मग अंबडच्या एका लेथवाल्याकडून जाड पट्टी आणली: मध्ये आटे पाडलेलं भोक, दोन टोकांना आकडे. आकडे परडीच्या समोरासमोरच्या खाचांत, मधला बोल्ट शाफ्टच्या टोकावर. आटे खराब होऊ नयेत म्हणून नट शाफ्टच्या टोकाशी समतल येईल एवढा फिरवून ठेवला. आता e जवळजवळ शून्य.

वरून हॉट एअर गनने फक्त मधला भाग तापवला. तापवल्यावर भोक लहान होतं असं वाटणाऱ्यांनी बैलगाडीची धाव आठवावी; तापवून चढवतात आणि पाणी ओतलं की ती चाक आवळते. २५ मिमी पोलादी भोक शाफ्टपेक्षा ८० अंशांनी जास्त तापलं तर ०.०२४ मिमी मोठं होतं, केसाच्या एक तृतीयांश. शाफ्टही तेवढाच तापला तर फायदा गेला, म्हणून घाई करायची. गॅसची ज्योत मात्र नको, आजूबाजूला पेट्रोल असतं.

बोल्टला अर्धा फेरा दिला आणि टक् असा आवाज आला. परडी हातात घेऊन मिस्त्रीने बुशमध्ये टॉर्च मारला. आत सगळा तपकिरी गंज होता, आणि त्यात फक्त दोन चकचकीत ओरखडे: एक बाहेरच्या तोंडाशी, दुसरा बरोबर समोर, आतल्या तोंडाशी.