व्यसनमुक्तीचं औषध सुरू असताना नोकरी: दिव्यांग हक्क कायद्याचा आधार कसा घ्यायचा, कागद कोणते लागतात

गेल्या पावसाळ्यात जळगावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यातला मुलगा माझ्याकडे कागद घेऊन आला. आधी कोडीनवालं खोकल्याचं औषध, मग ट्रॅमाडॉलच्या गोळ्या, अशी त्याची चार वर्षं गेली होती. आता आठ महिने उपचार सुरू होते. सुपरवायझरला त्याच्या डब्याच्या पिशवीत गोळ्यांचं पाकीट दिसलं आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा मागितला गेला. "भाऊ, मी दवाई लेस, नशा नही करस," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याचं म्हणणं खरं होतं. पण कारखान्यात तोंडी सांगणं टिकत नाही, कागद टिकतो. म्हणून ही माहिती.

पाकिटातली गोळी होती ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन. ती गिळायची नसते. जिभेखाली ठेवून पाच-दहा मिनिटं विरघळू द्यायची, तोवर बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही. अफूवर्गीय पदार्थ मेंदूत जिथे बसतात तिथेच हे औषध बसतं, पण अर्धवट काम करतं. त्यामुळे तलफ आणि अंगदुखी-जुलाब-घाम हा त्रास थांबतो आणि माणूस कामाला उभा राहतो. कुणी ती विरघळवून टोचून घेऊ नये म्हणून सोबत नॅलोक्सोन घातलेलं असतं. काहींना मेथाडोन देतात, काहींना नॅलट्रेक्सोन. औषध मध्येच सोडलं तर शरीराची सवय उतरलेली असते आणि जुन्या मात्रेची नशा जिवावर बेतू शकते. नोकरीच्या भीतीने औषध बंद करू नका, हे मी प्रत्येकाला सगळ्यात आधी सांगतो.

कायद्यात आपण कुठे बसतो

अमेरिकेत हा प्रश्न बराच सरळ आहे. तिथल्या न्याय विभागाने एप्रिल 2022 मध्ये स्पष्ट केलं की डॉक्टरांच्या देखरेखीखाली असं औषध घेणं म्हणजे बेकायदा नशा नव्हे, आणि त्या कारणाने कामावरून काढणं हा अपंगत्वावरून केलेला भेदभाव ठरू शकतो. आपल्याकडे इतकं थेट वाक्य कायद्यात नाही. दोन कायदे जोडून वाचावे लागतात.

पहिला, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016. यातल्या 21 प्रकारांत मानसिक आजार आहे, व्यसन वेगळं नोंदवलेलं नाही. दुसरा, मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017. याच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थिती आजारात धरली आहे. याच कायद्याच्या कलम 23 नुसार उपचाराची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टर-रुग्णालयाला बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकालही हाताशी ठेवा. फेब्रुवारी 2021 च्या विकास कुमार प्रकरणात वाजवी सोय, म्हणजे दिव्यांगाला काम किंवा परीक्षा जमावी म्हणून करून दिलेला बदल, मिळण्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट लागत नाही असं ठरलं. डिसेंबर 2021 च्या रविंदर कुमार धारीवाल प्रकरणात, मानसिक आजार हे शिस्तभंगाच्या कारवाईमागचं एक कारण असलं तरी तो भेदभाव ठरू शकतो, असं न्यायालयाने म्हटलं. तो कर्मचारी केंद्रीय राखीव पोलीस दलातला होता.

यूडीआयडी कार्ड: काढावं का?

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. मिळण्यासारखं असेल तर काढा, पण सगळा भार त्यावर टाकू नका. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो, फी नाही. ओळखपत्र, सहा महिन्यांच्या आतला फोटो आणि आधार क्रमांक लागतो. तपासणीला जाताना उपचाराची फाइल न्या: पहिल्या दिवसापासूनचे केसपेपर, औषधाच्या चिठ्ठ्या, भरती झाला असाल तर डिस्चार्ज कार्ड. तपासणी सहसा तुम्ही राहता त्या जिल्ह्यात होते. धुळ्याचा माणूस जळगावच्या रांगेत उभा राहून परत जाताना मी पाहिला आहे, म्हणून पत्ता आधी नीट भरा.

मानसिक आजाराचं मोजमाप स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, समजणं-बोलणं आणि काम या चार बाजूंनी होतं. अडचण इथेच आहे. औषधाने सावरलेल्या माणसाला बहुधा 40 टक्के मिळत नाहीत, आणि आरक्षण व बऱ्याच योजना त्याच आकड्याला बांधलेल्या आहेत. सोबत जुनं नैराश्य किंवा दुसरा आजार असेल तर तोही फाइलमध्ये असू द्या. निर्णय पटला नाही तर 90 दिवसांत अपील करता येतं.

खरं काम करतं ते डॉक्टरांचं पत्र

मनोविकारतज्ज्ञांकडून लेटरहेडवर, नोंदणी क्रमांक आणि शिक्क्यासह चार ओळी लिहून घ्या. रुग्ण नियमित उपचाराखाली आहे. सध्याच्या मात्रेवर प्रकृती स्थिर आहे. नेमून दिलेलं काम तो करू शकतो. औषधासाठी अमुक वेळ औषध केंद्रात यावं लागतं. आजाराचा सगळा इतिहास मालकाला देण्याची गरज नाही.

त्यावरून तुमचा अर्ज करा आणि सोय नेमकी मागा. "सहकार्य करावे" असं मोघम लिहून काही मिळत नाही. औषध केंद्र सकाळी उघडतं आणि पहिली पाळी सातला लागते, तर "दुसरी पाळी द्यावी" असं लिहा. दोन प्रती काढा आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. पोच नाकारली तर रजिस्टर पोस्टाने पाठवा.

सरकारी नोकरीत दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 भक्कम आहे: वाजवी सोय द्यावी लागते आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून काढता किंवा पदावनत करता येत नाही. तिथे तक्रार निवारण अधिकारी असतो आणि तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत व्हावी लागते. खासगी कारखान्यात हे कलम लागत नाही, पण त्याच कायद्याच्या कलम 21 खालचं समान संधी धोरण तिथेही बंधनकारक आहे. त्याची प्रत मागा. अनेक ठिकाणी ते तयारच नसतं, आणि ही मागणीच मालकाला विचार करायला लावते. दाद लागली नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जा. भुसावळचे रेल्वेवाले आणि वरणगावच्या आयुध निर्माणीतले कामगार केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतात, त्यांनी दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे लिहायचं. कायदा मोडल्याचा पहिला दंड 10,000 रुपयांपर्यंत आहे.

कामावर नशा करून आलेल्याला हे संरक्षण नाही. वाहन किंवा अवजड मशीन चालवणाऱ्याने मात्रा बसेपर्यंत ते काम डॉक्टरांना विचारूनच करावं, आणि पत्रात तसं लिहून घ्यावं. कंपनीने लघवीची तपासणी लावली तर औषधाची चिठ्ठी आधीच द्या. ब्युप्रेनॉर्फिन बहुधा वेगळ्या चाचणीतच दिसतं.

कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मनाच्या आजारासाठी टेलिमानस 14416 हे सरकारी क्रमांक आहेत. त्या मुलाच्या पत्रात चारच ओळी होत्या. पोच घेतल्यावर बाराव्या दिवशी त्याला दुसरी पाळी मिळाली. आता तो सकाळी केंद्रात गोळी घेतो आणि दुपारी डबा घेऊन कामावर जातो.