मॉडेलमधला कळीचा आकडा

पुराचा अंदाज बांधणारं एक अगदी साधं संगणकीय मॉडेल घेऊ. पाऊस पडतो, काही पाणी जमिनीत जिरतं, उरलेलं वाहून जातं. जमीन तासाला 20 मिलिमीटर पाणी जिरवते आणि पाऊस तासाला 10 मिलिमीटरच पडतो. वाहून जाणारं पाणी शून्य. जिरण्याचा वेग वाढवून 40 केला, तरी शून्यच. मग हा आकडा बिनकामाचा म्हणायचा का? आता पाऊस 60 करून बघा. पहिल्या जमिनीवरून 40 मिलिमीटर वाहून जाईल, दुसरीवरून फक्त 20. मघाशी निरुपयोगी वाटलेल्या आकड्याने वाहणारं पाणी निम्म्यावर आणलं!

मॉडेलमधल्या अशा आकड्यांना प्राचल किंवा पॅरामीटर म्हणतात. काही मोजलेले असतात, बरेचसे अंदाजाने धरलेले. त्यांतला कोणता हलला की उत्तर हलतं, हे संवेदनशीलता विश्लेषण शोधून काढतं. बाकीचे जागेवर ठेवून एकेकाला हलवून पाहायचं, ही सर्वांत सोपी आणि आजही सर्रास वापरली जाणारी रीत. मला ती धोक्याची वाटते. वरच्या उदाहरणात ती हलक्या पावसापाशीच अडकली असती.

मग सगळ्याच जुळण्या तपासाव्यात? 20 प्राचलं आणि प्रत्येकाच्या 3 किमती धरल्या, तर 348 कोटींहून जास्त जुळण्या होतात. एका फेरीला एक मिनिट लागलं, तरी साडेसहा हजारांहून अधिक वर्षं हवीत.

मॅक्स मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये यातून सुरेख वाट काढली. सुरुवात कुठूनही करायची, एक प्राचल हलवायचं, पण मागे परतायचं नाही. पुढचं प्राचल तिथूनच हलवायचं. 20 प्राचलांची एक वाट 21 फेऱ्यांत पुरी होते. अशा 10 वाटा म्हणजे 210 फेऱ्या, साडेतीन तासांचं काम. एखाद्या प्राचलाचा परिणाम वाटेगणिक बदलत असेल, तर ते इतरांशी संगनमत करतंय किंवा त्याचा परिणाम सरळ रेषेत नाही, हे लगेच कळतं. रशियन गणिती इल्या सोबोल यांची पद्धत याहून खर्चिक, पण उत्तरातल्या चढउतारात कोणाचा एकट्याचा वाटा किती आणि जोडीने किती, हे ती मोजून देते.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या ‘कोविडसिम’ या साथीच्या मॉडेलमध्ये 940 प्राचलं होती. नंतरच्या तपासणीत दिसलं, की निकालांतला दोन तृतीयांशापर्यंतचा फरक केवळ तिघांमुळे पडत होता: संसर्गानंतरचा सुप्त काळ, रुग्ण किती उशिरा विलग होतो, आणि सामाजिक अंतराचा परिणाम किती. नेमकं काय मोजायला धावायचं, ते अशा यादीतून कळतं.

अर्थात प्रत्येक प्राचलाला किती मोकळीक द्यायची, हे माणूसच ठरवतो. आपल्या मॉडेलमध्ये पाऊस 15 मिलिमीटरच्या वर जाणारच नाही असं धरलं, तर 20 ते 40 मधल्या जिरण्याच्या वेगाला सोबोल यांच्या पद्धतीतही शून्यच वाटा मिळेल.